चार दुपारींचं लोकमन

दर वर्षी एप्रिलच्या पहिल्या शुक्रवारी सकाळी अकरा वाजता माणगंगा जिल्हा आपलं मत सांगत असे. शेरेवाडीच्या ग्रामपंचायतीत भिंतीवर एक पडदा लावलेला होता, त्यावर नावं उमटत. जन्मठेपेची चौदा वर्षं भोगून झालेल्या कैद्यांची नावं, आणि प्रत्येकापुढे एकच प्रश्न : याला पॅरोलसाठी पात्र धरावं का? मग त्याच ओळीत उत्तर येई. २०५९ साली यादीत एकतीस नावं होती आणि खालून तिसरं सार्थक खाडेचं होतं.

"कुठं आलं वो बाई?" उज्वलाताईंनी विचारलं. त्यांना वाचता येत होतं, पण त्या दिवशी येत नसे.

"खाली आहे. थांबा जरा," वर्षाराणीबाई म्हणाल्या.

वर्षाराणी काळेल याच गावच्या शाळेत तेहतीस वर्षं शिकवून निवृत्त झाल्या होत्या. त्याच शाळेत उज्वला खाडे पोरांची खिचडी शिजवायच्या. सार्थक त्यांचा एकुलता एक मुलगा आणि बाईंचा विद्यार्थी, पहिली ते चौथी. बाविसाव्या वर्षी पाइपलाइनचा व्हॉल्व्ह कुणी बंद केला यावरून त्याचं चुलतभावाशी वाजलं, हातात नेमकं खोरं होतं, आणि चुलतभाऊ प्रथमेश तिसऱ्या दिवशी गेला. सार्थक स्वतःच्या पायानं पोलीस ठाण्यात जाऊन बसला. त्याला आता वीस वर्षं झाली होती. शेवटची सात वर्षं त्याची आई दर एप्रिलला या पडद्यासमोर येऊन उभी राहायची आणि बाई तिच्यासोबत यायच्या.

खालून तिसरी ओळ उजळली. "नाही. ८८ टक्के."

सातव्यांदा नाही. बाईंनी उज्वलाताईंचा हात धरला, त्यांना रसवंतीवर नेलं, एक ग्लास उसाचा रस पाजला आणि दर वर्षी म्हणायच्या तेच म्हणाल्या, "लोकांचं मनच तसं आहे ताई, आपण काय करणार?" हे म्हणताना त्यांचे डोळे खरोखर भरून आले होते. बाई मनानं चांगल्या होत्या आणि हे त्यांना ठाऊकही होतं.

लोकमन म्हणजे काय हे एव्हाना चौथीच्या पुस्तकात आलं होतं, तरी थोडक्यात सांगायला हवं. पूर्वी जन्मठेपेच्या कैद्याला बाहेर कधी सोडायचं हे न्यायालयं, समित्या आणि मंत्री मिळून ठरवत, आणि तिघंही एकमेकांकडे बोट दाखवत म्हणत, आमची काही हरकत नाही हो, पण लोकांना काय वाटेल? लोकांना काय वाटेल हे कुणालाच ठाऊक नसे. जो मोठ्यानं ओरडेल तो लोक, असा कारभार होता. २०३७ साली शास्त्रज्ञांनी यावर तोड काढली. जिल्ह्यातली काहीशे माणसं निवडायची, प्रत्येकाला एकशे चाळीस प्रश्न विचारायचे आणि त्या उत्तरांवरून संगणकात त्या जिल्ह्याचं एक मन वाढवायचं. चमचाभर विरजणावर पातेलंभर दही लागतं, तसं. शास्त्रज्ञसुद्धा त्या पहिल्या उत्तरांना विरजणच म्हणत. मन एकदा लागलं की त्याला हवं ते विचारा. जिल्ह्यातल्या लोकांनी जे उत्तर दिलं असतं तेच ते देतं, आणि माणसांसारखं आज एक, उद्या दुसरं असं करत नाही. पॅरोलचा प्रश्न सगळ्यांत आधी त्याच्या गळ्यात घालण्यात आला. मंत्र्यांना त्या रात्री गाढ झोप लागली असणार.

कौल लागल्यानंतरच्या मंगळवारी लोकमन संस्थेतून डॉ. विहान टिळेकर बाईंच्या घरी आले. चाळिशीच्या आतले, चेहऱ्यानं अवघडलेले, चपला दाराबाहेर अगदी ओळीत काढून ठेवणारे. भिंतीवर 'उत्कृष्ट प्रगणक, माणगंगा जिल्हा' असं प्रशस्तिपत्र चौकटीत लावलेलं होतं. ते त्यांनी दोनदा वाचलं.

"हे त्याच सर्वेक्षणाचं का, बाई? सदतीस सालचं?"

"असेल. त्या वर्षी मी बारा सर्वेक्षणं केली होती. जनगणना, शेळ्या, मोकाट कुत्री, शौचालयं... काय आणि किती. शिकवायचं तेवढं मधल्या वेळात."

ते हसले. "त्यातलंच एक आमचं विरजण. जिल्हा नवा होता, तीन गावं निवडली होती. एका गावच्या गुरुजींचा टॅब विहिरीत पडला. दुसऱ्या गावचं काम संपात अडकलं. मुदतीत आलेलं, एकही चौकट रिकामी नसलेलं काम फक्त शेरेवाडीचं. त्यामुळे या जिल्ह्याचं सगळं लोकमन तुमच्या दोनशे चाळीस माणसांवर लागलेलं आहे."

बाईंना हे माहीत नव्हतं. क्षणभर त्यांना बरंच वाटलं, हेही सांगून टाकायला हवं.

"मग अडचण काय आहे?" त्यांनी विचारलं.

"आमच्या प्रश्नांत एक खुबी असते," डॉक्टर सांगू लागले. "एकच गोष्ट दोनदा विचारलेली असते, वेगळे कपडे घालून. सतराव्या प्रश्नात विचारायचं, मुलानं चोरी कबूल केली तर शिक्षा कमी करावी का. त्र्याण्णवाव्यात तेच कैद्याबद्दल. माणूस दोन्हीकडे सारखं बोलत नाही. कुठेतरी अडखळतो, आणि प्रत्येकाची अडखळण्याची जागा वेगळी असते. त्याला आम्ही मनाची चाल म्हणतो. लांबून येणारा माणूस तोंड दिसण्याआधी चालीवरून ओळखतो ना आपण, तसं. परवा मी जुनी विरजणं नव्या गणितानं तपासत होतो. शेरेवाडीच्या दोनशे चाळीस जणांत मला एकच चाल सापडली."

"एकच म्हणजे?"

"जवळपास सगळी उत्तरं एकाच माणसाची. बाईमाणूस असावी, चाळिशीतली. पहिली चूक ती माफ करते, दुसरी अजिबात नाही. तोंडी माफीवर तिचा विश्वास नाही, लिहून दिलेली हवी. प्रश्न लांबला की शेवटून दुसरा पर्याय निवडते. दर वीसेक फॉर्मनंतर तिचा राग उतरतो; मधे चहा घेत असावी. आणि त्या आठवड्यात ती कशावरून तरी फार चिडलेली होती. मला वाटलं गावात कुणी अशी बाई असेल, जिचा सगळ्यांवर वचक आहे आणि जिला विचारून लोक उत्तरं देतात. तुमच्या ओळखीत आहे का कुणी?"

बाईंनी हातातला कप खाली ठेवला.

"नाही बाई... म्हणजे नाही हो. लोकांनी आपापली दिली असतील. मी घरोघरी फिरले होते."

"ठीक आहे," डॉक्टर म्हणाले, आणि आणखी काही विचारलं नाही. चहा संपवून उठले, चपला घातल्या, फाटकापर्यंत गेले. बाई पायरीवर उभ्या होत्या. तेहतीस वर्षांत त्यांनी शेकडो पोरांना खोटं बोलताना पकडलं होतं. ती पोरं अशीच उभी राहायची, हात मागं घेऊन. आपलेही हात मागं गेले आहेत हे त्यांच्या ध्यानात आलं.

"डॉक्टर," त्यांनी हाक मारली. "या परत. बसा."

मग त्यांनी सांगितलं. पहिली तीन घरं त्यांनी प्रामाणिकपणे केली होती. पहिल्या घरी बापू काळेलांना विचारलं, जन्मठेपेच्या कैद्याला चौदा वर्षांनी पॅरोलसाठी पात्र धरावं का. बापूंनी विचारलं, कोण हाय त्यो? काय केलं त्यानं? घरी कोण हाय त्याच्या मागं? ज्याचं माणूस मेलं त्यांना इचारलं का कुणी? बाई म्हणाल्या, तसं नाही बापू, नुसतं हो किंवा नाही सांगायचं. बापू म्हणाले, असं कसं नुसतं सांगायचं? एका प्रश्नाला पाऊण तास गेला. दुसऱ्या घरी तेच, तिसऱ्या घरी तेच, वर दोन वेळा चहा आणि एकदा जेवण. एका माणसाला एकशे चाळीस प्रश्न आणि अशी दोनशे चाळीस माणसं. पंधरा दिवसांवर परीक्षा. बाईंनी मनाशी म्हटलं, मी या गावात अठरा वर्षं काढली, कोण काय म्हणेल हे मला झोपेत विचारलं तरी सांगता येईल.

टॅबवर प्रत्येकाचा अंगठा लागायचा. तो त्यांनी रेशनच्या दिवशी दुकानासमोर खुर्ची टाकून एका सकाळीत उरकला. अंगठा द्यायला लोक सरावलेले. बाई स्वतः बसल्यात म्हटल्यावर कशासाठी हेही कुणी विचारलं नाही. उत्तरं त्यांनी घरी पंख्याखाली बसून चार दुपारींत भरली. त्याच आठवड्यात शाळेची कोठी फुटून तांदळाची पोती गेली होती. शेजारच्या गावी रजेवर आलेल्या एका कैद्याचं नाव कुजबुजलं जात होतं, आणि खुलासा मात्र बाईंना लिहून द्यावा लागला होता. अधिकारी त्यांना पोरांसमोर नको ते बोलला होता. त्या रागात त्यांनी पॅरोलच्या चौकटीत नाही, नाही, नाही असं दाबत नेलं. सगळ्यांचंच नाही झालं तर संशय येईल, म्हणून अठ्ठावीस जणांना हो दिलं. कुणाला द्यायचं तर भजनी मंडळातल्या सहा जणांना, दारू पिणाऱ्या चौघांना आणि बाकी जे त्यांच्या मते जरा भोळसट होते त्यांना. कोठी कुणी फोडली हे पुढे कळलं. त्या कैद्यानं ती फोडलीच नव्हती.

"दोनशे चाळीस?" डॉक्टरांनी हळू आवाजात विचारलं.

"दोनशे सदतीस. त्या तिघांनी हो की नाही ते सांगितलंच नव्हतं, पण चौकट रिकामी ठेवता येत नव्हती."

"तुम्ही पाट्या टाकल्यात, बाई," डॉक्टर म्हणाले. ते रागावले नव्हते, त्यामुळे तर ते जास्तच लागलं. "बावीस वर्षांत या जिल्ह्यात एकाही जन्मठेपेच्या कैद्याला पॅरोल मिळालेला नाही. दोघं आतच वारले."

बाईंना जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. दोघं वारले हे त्यांना ठाऊक होतं. दोन्ही वेळा त्या हळहळल्या होत्या, आणि उज्वलाताईंना म्हणाल्या होत्या की लोक इतके कठोर कसे होतात कोण जाणे.

"आता काय करता येईल?"

"तुम्ही लेखी जबाब दिलात तर विरजण रद्द होईल. नवं सर्वेक्षण होईल, बाहेरची माणसं येऊन समोरासमोर विचारतील. नवा कौल लागेल. तुमच्यावर गुन्हा दाखल होऊ शकतो, हे आधीच सांगतो."

जबाब त्यांनी तिथेच लिहिला, शाळेतल्या वळणदार अक्षरात. गुन्ह्याची त्यांना भीती वाटली नाही. भीती वाटली ती वाडीच्या टोकाला असलेल्या एका घराची, आणि तिथे जायला त्यांना आठ दिवस लागले.

उज्वलाताई ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. बाईंनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, मधे थांबल्या असत्या तर पुढचं बोलणं झालं नसतं. ऐकताना उज्वलाताईंचे हात थांबले. आता ही बाई ओरडेल, हातातलं सूप फेकून मारेल, असं बाईंना वाटलं. खरं तर तसं व्हावं अशी त्यांची इच्छा होती.

"म्हंजे त्ये लोकं न्हवतंच?" उज्वलाताईंनी विचारलं.

"नव्हते. मी होते."

"सात वर्सं?"

"सात वर्षं. त्याच्या आधीही."

उज्वलाताईंनी सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, "आता खऱ्या लोकास्नी इचारत्याल?"

"हो. सहा महिन्यांत."

"मग सुटंल की वो सार्थक. बसा बाई, अशा उभ्या काय. च्या टाकते."

तो चहा बाईंनी प्यायला. आयुष्यात दुसरं काही त्यांना इतकं जड गेलं नाही.

नवं सर्वेक्षण ऑगस्टमध्ये झालं. बाहेरच्या जिल्ह्यातल्या मुली आल्या, घरोघरी बसल्या, प्रत्येकाचा शब्द टिपला गेला. गावातल्या कुणाही शिक्षकाला हात लावू दिला नाही. बाईंना अर्थातच वगळलं होतं. त्या घरात बसून असायच्या, आणि गल्लीतून त्या मुली पुढच्या दारी गेल्या की किती वेळ लागतो ते बघायच्या. फार वेळ लागत नव्हता. बापू काळेल आता नव्हते. त्यांच्या नातवाच्या घरून मुलगी वीस मिनिटांत बाहेर आली.

सप्टेंबरच्या अखेरीस डॉक्टर पुन्हा आले. या वेळी चपला कशाही पडल्या होत्या.

"कौल लागला," ते म्हणाले. "नाही. एक्क्याण्णव टक्के."

बाईंना आधी कळलंच नाही. "पण या वेळी खरी माणसं होती ना?"

"खरी होती. मी स्वतः तपासलं. दोनशे चाळीस माणसं, दोनशे चाळीस चाली."

"मग मी तेव्हा बरोबर होते की काय?" विचारता विचारताच बाईंना आपल्या आवाजातली आशा ऐकू आली आणि त्यांनी मान खाली घातली.

"नाही बाई. तेव्हाची ती तीन घरं आठवा. लोक विचारत होते, कोण तो, घरी कोण आहे त्याच्या. आता त्या प्रश्नाला सरासरी चार सेकंदांत उत्तर आलं. कोण तो, असं फक्त पाच जणांनी विचारलं. आम्ही बावीस वर्षं दर एप्रिलला लोकांना सांगत आलो की तुम्हाला हे असं वाटतं. पडद्यावर, शाळेच्या पुस्तकात, बातम्यांत. पोरं ते वाचत मोठी झाली. आपल्याला काय वाटतं हे माणूस शेजाऱ्याकडे बघून ठरवतो, आणि शेजाऱ्याला काय वाटतं हे आम्ही सांगत होतो. आम्हाला वाटलं आम्ही लोकांचं मन मोजतोय. आम्ही ते घडवत होतो. आणि हे गणितात कुठेही दिसत नाही, कारण आता दोन्ही जुळतंय."

"म्हणजे मी चार दुपारी..." बाई भिंतीवरच्या प्रशस्तिपत्राकडे बघत म्हणाल्या.

"तुमच्या प्रकरणाचं पत्र येईल," डॉक्टर म्हणाले. "मीच वाचून दाखवतो. 'जुन्या व नव्या कौलात तफावत आढळून आली नाही, सबब कारवाईची आवश्यकता नाही.'"

त्यांना शिक्षासुद्धा झाली नाही. डॉक्टर गेल्यावर बाईंनी ते प्रशस्तिपत्र भिंतीवरून काढलं, कपाटामागे सरकवलं आणि मग आपण हे कुणासाठी करतोय ते न कळून तिथेच खाली बसल्या. लाजेनं कान तापतात हे त्या पोरांना व्याकरणात शिकवत आल्या होत्या. चौसष्टाव्या वर्षी ते खरोखर तापतात हे त्यांना कळलं.

संध्याकाळी त्या उज्वलाताईंकडे गेल्या. बातमी आधीच पोचली होती. उज्वलाताई दारात बसून मटकी निवडत होत्या. त्यांनी सरकून बाईंना जागा दिली.

"ताई, मी वरच्या कोर्टात जाईन," बाई म्हणाल्या. "सगळ्यांसमोर सांगेन. या लोकांना हे 'नाही' मीच शिकवलं. आपण त्या नऊ टक्के लोकांना गोळा करू, तुम्ही असाल, आणखी..."

"म्या न्हाई त्या नऊ टक्क्यांत," उज्वलाताई म्हणाल्या.

"तुम्हाला विचारलंच नसेल," बाई म्हणाल्या.

"इचारलं की. ती पोरगी हितंच बसली हुती, तुमी बसलाय तितं. म्या बी न्हाईच म्हणलं."

"ताई, तो तुमचा मुलगा आहे."

"म्हणून तर. आईला काय दिसतंय? आईला समदं चांगलंच दिसतं. येवढा जिल्हा सात वर्सं न्हाई म्हणतोय, तर कायतरी आसंल त्याच्यात, जे मला दिसत न्हाई."

"पण तो जिल्हा नव्हता. मी सांगितलं ना तुम्हाला. ती मी होते."

"व्हय, सांगितलं की." उज्वलाताईंनी मटकीतला एक खडा उचलून अंगणात टाकला. "त्येच धरलं म्या मनात. जिल्ह्याचं सोडा वो. जिल्ह्यानं त्याला कुठं बघितलाय? तुमी त्याला चार वर्सं शिकवला. मारामाऱ्या केल्या तवा तुमी सोडवल्या. तुमाला त्याचं मन माझ्यापरीस ठावं. आन तुमी न्हाई म्हणला."

"ते त्याच्याबद्दल नव्हतं," बाई म्हणाल्या. "तेव्हा त्यानं काही केलंच नव्हतं. दोन वर्षं आधीची गोष्ट आहे ती. मी कुणाबद्दलच विचार केला नव्हता, ताई, मी नुसती रागात होते."

"बरं. मग आता त्याच्याबद्दल सांगा." उज्वलाताईंनी पहिल्यांदाच बाईंकडे सरळ बघितलं. "मी म्हणते, सोडावं का त्याला?"

बाईंनी तोंड उघडलं. हो म्हणायला कितीसं लागतं? पण त्या शब्दापाशी त्यांना खोरं दिसलं, प्रथमेशची आई दिसली, चौथीच्या वर्गात एका पोराचा कान पिरगाळून धरलेला आणि ते पोर रडायला आलं तरी न सोडणारा सार्थक दिसला. दर एप्रिलला पडद्यावर उजळणारी ती ओळ दिसली, जी आपणच लिहिली हे माहीत असूनही खरी वाटत होती. आपलं मत नेमकं कोणतं हे त्या आतल्या आत शोधत राहिल्या, आणि जे हाताला येई ते लोकांचं निघे.

"सोडावं," त्या शेवटी म्हणाल्या. "हो. सोडावं त्याला."

उज्वलाताईंनी मान हलवली आणि पुन्हा मटकी निवडायला घेतली.

"मलाबी येवढाच येळ लागला हुता, बाई," त्या म्हणाल्या. "मग म्या न्हाई म्हणलं."